मानवतचा खटला आणि पुराव्याचें शिक्षण

परभणी जिल्ह्यांतील मानवत हें गांव कापसाच्या बाजारपेठेबद्दल मराठवाड्यांत जुनें प्रसिद्ध आहे. परंतु १९७२ च्या दुष्काळांत त्याचें नांव निराळ्याच कारणानें साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झालें. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या अवधींत तेथें दहा खून झाले. बळी पडलेल्यांत बहुतेक लहान मुली व स्त्रिया होत्या. गुप्तधन सांपडावें व अपत्य व्हावें या इच्छेनें हे नरबळी दिले गेले, असें फिर्यादी पक्षाचें म्हणणें होतें.

या प्रकरणाची भीषणता पुष्कळांनीं वर्णिली आहे. अमोल पालेकर यांचा ‘आक्रीत’ हा १९८१ सालचा चित्रपटहि त्यावरच बेतलेला आहे. कायद्याच्या अभ्यासकांस मात्र मानवतची आठवण होते ती तेथील तपासामुळें. हा तपास मुंबईच्या गुन्हे शाखेंतील नामांकित अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांजकडे सोंपविण्यांत आला होता. रामन राघव प्रकरणामुळें त्यांचें नांव १९६८ पासूनच सर्वतोमुखीं होतें. पुढें परभणीच्या सत्र न्यायालयांत खटला उभा राहिला. त्याचा बराचसा भार दोन गोष्टींवर होता: एक माफीच्या साक्षीदाराची जबानी, व दुसरी आरोपींनीं दंडाधिकाऱ्यांपुढें दिलेले कबुलीजबाब.

माफीचा साक्षीदार हा स्वतः गुन्ह्यांतील भागीदार. आपली मान सोडविण्यासाठीं दुसऱ्याची अडकविण्याचा मोह त्यास व्हावा, हें स्वाभाविकच होय. म्हणून त्याच्या जबानीस महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र दुजोरा हवा, आणि तोहि गुन्हा घडला एवढ्यापुरताच न राहतां अमुक आरोपीनेंच तो केला याविषयींहि हवा, असा न्यायालयांचा दंडक आहे. एप्रिल १९७७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, तेव्हां न्या. य. वि. चंद्रचूड यांनीं या दंडकाची फोड करून सांगितली. कबुलीजबाब नोंदवितांना घ्यावयाच्या काळजींत राहिलेल्या उणिवाहि तेथें दाखविण्यांत आल्या. अशा उणिवेनें जबाब आपोआप बाद होत नाहीं. पण तो स्वेच्छेनें दिला कीं काय, हा प्रश्न उभा राहतोच. प्रत्यक्ष हत्या करणाऱ्यांपैकीं कांहींचा दोष शेवटपर्यंत कायम राहिला. ज्यांच्यासाठीं त्या हत्या झाल्या असें म्हटलें गेलें, त्यांच्यावरील आरोप मात्र वरिष्ठ न्यायालयांत टिकला नाहीं.

त्याच निकालांत न्या. गोस्वामी यांनीं पोलिसांस उद्देशून एक समज दिली आहे. तिचा आशय असा, कीं तपासानें कबुलीपासून निघूं नये, कबुलीपर्यंत पोंचावें. जवळच्या वाटेनें धांवतांना खरे माग निसटून जातात.

हा विचार तसा जुनाच. ऑस्ट्रियांतील हान्स ग्रोस या चौकशी दंडाधिकाऱ्यानें १८९३ सालीं आपल्या व्यवसायबंधूंसाठीं तपासशास्त्राचा एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचें इंग्रजी रूपांतर १९०६ सालीं मद्रासेस प्रसिद्ध झालें, तेंहि हिंदुस्थानांतील व्यवहारास अनुसरून. मुंबई इलाख्याची पोलिस अधिकाऱ्यांची शाळा १९०९ सालीं नाशिकास आली. परभणी त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. तें १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलें, आणि मुंबईची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा १९५८ सालीं निघाली.

ग्रंथ वाचून हें शास्त्र हातीं येत नाहीं. पोहणें पुस्तकांतून येत नाहीं, तसेंच हें. चांगल्या प्रशिक्षणांत एखादी खोली घटनास्थळासारखी मांडून ठेवतात. शिकणाऱ्यानें आधीं उंबरठ्यावर थांबावयाचें, पाहावयाचें, छायाचित्रें घ्यावयाचीं, मापें टिपावयाचीं, आणि मग वस्तूस हात लावावयाचा. रक्तानें भिजलेला कपडा घ्या. तो ओलाच प्लास्टिकच्या पिशवींत भरला तर आंत दमटपणा साचून रक्त कुजतें, व प्रयोगशाळेंत नेमकें सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं. तो सांवलींत वाळवून कागदांत गुंडाळावा लागतो, प्रत्येक वस्तूचें पुडकें निराळें करावें लागतें, पंचांच्या सह्या घेऊन लाखेची मोहोर उठवावी लागते, आणि मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाकडे, कोणत्या दिवशीं गेला याची नोंद एकाहि ठिकाणीं तुटूं द्यावयाची नसते. तुटली, तर प्रयोगशाळेंतला उत्तम निष्कर्षहि कोर्टांत दुबळा ठरतो.

वकिलांना व न्यायाधीशांना हें शिकविण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणें सरकारी तज्ज्ञाचा अहवाल, तज्ज्ञ स्वतः साक्षीस न येतांहि, पुराव्यांत वाचतां येतो. मानवतच्या काळीं प्रयोगशाळा रक्ताविषयीं मुख्यतः दोनच गोष्टी सांगूं शके: तें मनुष्याचें कीं जनावराचें, आणि मनुष्याचें असल्यास कोणत्या गटाचें. एकाच गटाचीं माणसें एका गांवांतहि शेंकड्यांनीं असतात, हें ज्या वकिलास ठाऊक नाहीं, तो अशा अहवालापुढें मुकाट्यानें बसतो. ॲलेक जेफ्रीज यांनीं इंग्लंडांत १९८४ सालीं डी.एन.ए.वरून माणूस ओळखण्याची रीत शोधली, तेव्हां ओळख पुष्कळच नेमकी झाली. परंतु नमुना कसा घेतला व कसा जपला, हे प्रश्न विचारावयाचे राहिलेच.

१ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें सात वर्षें वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानें घटनास्थळीं जाऊन पुरावा गोळा करणें व त्या कामाचें चित्रण करणें आवश्यक केलें आहे. राज्यांना व्यवस्था उभारण्यास पांच वर्षांपर्यंत मुदत आहे. मराठवाड्यांत छत्रपति संभाजीनगर व नांदेड येथें प्रयोगशाळा आहेत. तरी खेड्यांत तज्ज्ञाच्या आधीं पोंचतो तो गांवचा पोलिस पाटील, नाहींतर ठाण्यांतला हवालदार. दोरी बांधून गर्दी मागें सारणें, पावलांचा ठसा पालथ्या घमेल्याखालीं झांकून ठेवणें, कोणी काय हलविलें तें लिहून ठेवणें, एवढें त्याच्या हातीं आहे. आणि तें त्यास कोणी प्रत्यक्ष करून दाखविलें असेल, तरच तो तें करील.