पडके किल्ले नसलेल्या देशातल्या गोष्टी

रोमँटिसिझम, म्हणजे आपण ज्याला स्वच्छंदतावाद म्हणतो, त्याचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर काय येतं? पडका किल्ला, जुना शाप, घनदाट अरण्य. युरोपातल्या लेखकाला हे सगळं हाताशी होतं. १७७६ साली स्वातंत्र्य जाहीर केलेल्या अमेरिकेत अरण्य मुबलक, पण किल्ले आणायचे कुठून? मूळ रहिवाशांना हजारो वर्षांचा भूतकाळ होता. गोऱ्या वसाहतवाल्यांना मात्र तो आपला वाटत नव्हता. तिथलं अरण्य त्यांच्या लेखी सैतानाची जागा.

वॉशिंग्टन अर्व्हिंगनं सरळ उसनवारी केली. १८१८ साली घरच्या धंद्याचं दिवाळं निघालेलं, हा इंग्लंडात बर्मिंगहॅमला बहिणीकडे राहिलेला. तिथे त्यानं ‘रिप व्हॅन विंकल’ लिहिली. शेळ्या राखणाऱ्या पीटर क्लाउसची जर्मन दंतकथा उचलली आणि हडसन नदीकाठच्या कॅट्सकिल डोंगरात नेऊन बसवली. गंमत म्हणजे, लिहिताना त्या डोंगरावर त्यानं कधी पाऊलही ठेवलेलं नव्हतं!

पण उसनवारी म्हणून नाक मुरडू नका. वीस वर्षांची झोप जर्मन कथेतही आहे. अर्व्हिंगनं त्या झोपेत अमेरिकन क्रांती घातली. रिप डोंगरात जातो तेव्हा गावच्या खानावळीच्या पाटीवर राजा जॉर्जचं चित्र असतं. परततो तेव्हा चेहरा तोच. लाल कोट निळा झालाय, राजदंडाच्या जागी तलवार आलीय आणि खाली नाव जनरल वॉशिंग्टन! रिप भाबडेपणानं सांगतो, मी राजाचा इमानी प्रजाजन, आणि लोक त्याला हेर ठरवतात. परीकथेतली झोप इथे राजकीय झाली.

एडगर ॲलन पोनं भूगोलच टाळला. १८३९ सालच्या कथेतला अशरचा वाडा कुठल्या देशात आहे, सांगता येत नाही.

नॅथॅनिएल हॉथॉर्नला मात्र भूतकाळ शोधायला लांब जावं लागलं नाही. तो सालेमचा. १६९२ मध्ये तिथे चेटुकाच्या आरोपाखाली १९ जणांना फाशी झाली. त्या खटल्यांतला एक न्यायाधीश, जॉन हॅथॉर्न, हा त्याचा खापरपणजोबा. नातवाच्या नातवानं आडनावात एक अक्षर वाढवलं. त्या माणसापासून अंतर ठेवायला, असं म्हणतात.

त्याची ‘यंग गुडमन ब्राउन’ १८३५ची. ब्राउन रात्री रानात जातो, सैतानाच्या सभेत गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी बघतो. तिथे मार्था कॅरिअर आहे. ही खरीखुरी बाई, १६९२ मध्ये फासावर गेलेली. मग काय, पणतवंडाच्या पोरानं न्यायाधीशाचीच बाजू घेतली? थांबा. ब्राउननं पाहिलं ते स्वप्न की सत्य, हे हॉथॉर्न सांगतच नाही. ही संदिग्धता आपण रोमँटिक वातावरणनिर्मिती म्हणून सोडून देतो. मला ते पटत नाही. सालेमच्या कोर्टात नेमका असाच पुरावा चालला होता: आरोपीची आकृती मला दिसली, तिनं मला छळलं. इतरांना ती दिसत नसे, तरी ते ग्राह्य धरलं गेलं.

ब्राउन काही न्यायाधीश नव्हता. त्यानं कुणाला फासावर दिलं नाही. त्या सभेत त्याला स्वतःची बायकोही दिसली होती. त्यानंतर मरेपर्यंत तो तिच्याजवळ झोपला, मध्यरात्री दचकून उठला आणि तिच्यापासून दूर सरकला.