दुबळ्याने धोका कधी पत्करावा

फँटसी फुटबॉलमध्ये समोरच्याचा संघ भारी दिसला की एक सल्ला हमखास मिळतो : "भरवशाचे बेंचवर बसव, बेभरवशाचे उतरव. सरळ खेळलास तर हरणारच आहेस." न्यू जर्सीतल्या आमच्या बारा जणांच्या लीगमध्ये दर गुरुवारी कुणी ना कुणी हे कुणाला तरी सांगतं. मीही सांगितलं आहे आणि कित्येक हंगाम पाळलंही आहे. आता माझं मत असं की या सल्ल्यातलं तत्त्व खरं आहे, पण तो ज्या दिवशी दिला जातो तो दिवस चुकीचा आहे आणि त्यापायी दुबळा संघ आणखी दुबळा होतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यांतले खरे खेळाडू निवडून आपण कागदावरचा संघ बांधतो. क्वार्टरबॅक, रनिंग बॅक, वाइड रिसीव्हर, टाइट एंड यांच्या ठरलेल्या जागा असतात आणि एक 'फ्लेक्स' जागा असते, तिथे शेवटच्या तिन्ही प्रकारांतला कुणीही चालतो. पळून किंवा झेलून मिळवलेल्या दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा, आणि बहुतेक लीगमध्ये प्रत्येक झेलाला एक किंवा अर्धा गुण. दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी लढत. सामने गुरुवारी रात्री सुरू होतात, बहुतेक रविवारी होतात आणि सोमवारी रात्री संपतात. ज्या खेळाडूचा सामना सुरू झाला, त्याची जागा कुलूपबंद झाली.

आधी पूर्वपक्ष, आणि तो न्यायाने मांडायला हवा. तो म्हणतो : आपल्याला जास्तीत जास्त गुण नकोत, विजय हवा आहे. या दोन गोष्टी एक नव्हेत. १६ डिसेंबर २००७ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सचा ब्रायन वेस्टब्रुक डॅलसविरुद्ध चेंडू घेऊन मोकळा सुटला, समोर अडवायला कुणी नव्हतं, आणि तो गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे स्वतःहून गुडघ्यावर बसला. ईगल्स १०-६ ने पुढे होते, शेवटची दोनेक मिनिटं उरली होती, डॅलसचे टाइमआउट संपले होते. टचडाउन केला असता तर चेंडू डॅलसकडे गेला असता. तो बसला, चेंडू ईगल्सकडेच राहिला आणि सामना तिथेच संपला. वेस्टब्रुक ज्यांच्या फँटसी संघात होता त्यांचे सहा गुण गेले, पण त्याच्या खऱ्या संघाला गुणांपेक्षा विजय हवा होता. पूर्वपक्षाचा आधार हाच आहे, आणि तो पक्का आहे. पुढची पायरीही बरोबर आहे : मागे असणाऱ्याला चढउतार जितके जास्त तितका फायदा, पुढे असणाऱ्याला जितके कमी तितका. सरासरी खेळ झाला तर जो हरणार आहे, त्याने सरासरीपासून दूर जाण्याची शक्यता वाढवायलाच हवी.

इथपर्यंत माझी हरकत नाही. हरकत आहे ती वजनाला. एका खेळाडूच्या अदलाबदलीने पूर्ण संघाचे चढउतार किती वाढतात, हे हा सल्ला देणारे मोजत नाहीत.

आपण मोजू. समजा माझं प्रोजेक्शन, म्हणजे अपेक्षित गुण, ११० आणि समोरच्याचं १२५. दोघांच्या बेरजेचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतं ते, पंचवीस-पंचवीस धरू. विचलनं सरळ मिळवता येत नाहीत, त्यांचे वर्ग मिळवावे लागतात : ६२५ अधिक ६२५, म्हणजे १२५०. वर्गमूळ सुमारे ३५. पंधरा गुणांची पिछाडी या पस्तीसशी ताडून पाहिली की माझी जिंकण्याची शक्यता शंभरात ३३.६ येते. आता माझ्याकडे दोन रिसीव्हर आहेत. पहिला भरवशाचा : प्रोजेक्शन ११, विचलन ५. दुसरा लहरी : प्रोजेक्शन १०, विचलन १०. सल्ल्याप्रमाणे पहिल्याला बसवून दुसऱ्याला उतरवला. त्याचं विचलन दुप्पट आहे, तरी एकूण १२५० चे फक्त १३२५ झाले. वर्गमूळ ३५ वरून ३६ च्या थोडं पुढे सरकलं. पिछाडी मात्र पंधराची सोळा झाली. शक्यता ३३.६ वरून ३३.० वर आली. वाढली नाही, घटली.

मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं कुठेतरी चुकलो. पुन्हा केलं. मग वाटलं, एकाने काय होणार, तीन बदलू. तीन लहरी खेळाडू, प्रत्येकामागे एक गुण मोजून : शक्यता ३२ वर उतरली. पिछाडी पंधराऐवजी पंचेचाळीस धरली, तर एका बदलीने फायदा झाला खरा, पण इतका बारीक की दोन्ही आकडे शंभरात दहाच्या आसपासच राहिले. पंधराच्याच पिछाडीला दोन्ही रिसीव्हरांचं प्रोजेक्शन अगदी सारखं असेल, तर लहरी खेळाडू ३३.६ चे ३४.० करतो. म्हणजे फुकट मिळाला तर घ्यावा, त्याच्यासाठी अर्ध्या गुणापेक्षा जास्त मोजू नये. खऱ्या गुणांचा आलेख घंटेसारखा सममित नसतो, त्याला उजवीकडे लांब शेपूट असते, म्हणून दशांशातले आकडे हलतील. पण एका माणसाची लहर दोन अख्ख्या संघांच्या लहरीत बुडून जाते, हे काही बदलत नाही.

दुसरी चूक शब्दांतली आहे. 'भरवशाचा' आणि 'मोठा खेळ करणारा' अशा दोन जाती असतात असं आपण धरून चालतो. २५ डिसेंबर २०२० आठवा. न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या अॅल्विन कमाराने मिनेसोटाविरुद्ध १५५ यार्ड पळून सहा टचडाउन केले. एनएफएलच्या इतिहासात एका सामन्यात धावत याहून जास्त टचडाउन कुणी केलेले नाहीत. प्रत्येक झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये हे ५६ गुण होतात, आणि तो बहुतेक लीगच्या अंतिम फेरीचा आठवडा होता. त्याआधी महिनाभरही झाला नव्हता, २९ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीच्या टायरीक हिलने टॅम्पा बेविरुद्ध १३ झेल, २६९ यार्ड आणि तीन टचडाउन केले होते, त्यांतले २०३ यार्ड पहिल्याच क्वार्टरमध्ये. हे दोघे कुणी बेंचवर ठेवत नव्हतं. मोठी रात्र ज्याच्याकडे चेंडू वारंवार जातो त्याच्याच वाट्याला जास्त वेळा येते, आणि चेंडू वारंवार जातो म्हणूनच तो भरवशाचाही असतो. दुबळ्या संघाने आपला उत्तम माणूस बसवून चमत्काराची वाट पाहणं म्हणजे चमत्कार जिथून येतो तोच दरवाजा बंद करणं.

मग हा सल्ला इतका रुजला कसा? माझ्या समजुतीप्रमाणे तो दुसऱ्या खेळातून इकडे आला. 'डेली फँटसी'च्या मोठ्या स्पर्धांत हजारो, कधी लाखांवर संघ उतरतात आणि बक्षिसाचा मोठा वाटा वरच्या मूठभरांना जातो. तिथे वीस हजारावा क्रमांक आणि शेवटचा क्रमांक जवळपास सारखाच. तिथे चढउतार हेच भांडवल असतं. २०१६ साली हंटर, व्हिएल्मा आणि झमान या एमआयटीतल्या संशोधकांनी अशा स्पर्धांसाठी संघ कसे निवडावेत यावर निबंध लिहिला. त्यांची पद्धतही हीच : एकमेकांबरोबर वर जाणारे आणि एकमेकांबरोबर पडणारे खेळाडू एकाच संघात घ्यायचे. आपल्याकडे ड्रीम इलेव्हनवर ज्यांनी 'ग्रँड लीग' आणि 'हेड टू हेड' दोन्ही खेळले (२०२५ च्या कायद्याने पैशाच्या स्पर्धा बंद होण्याआधी), त्यांना हा फरक अनुभवाने ठाऊक आहे. ग्रँड लीगमध्ये कुणी घेणार नाही असा कॅप्टन निवडायचा. हेड टू हेडमध्ये सगळे घेतात तोच. आमच्या अमेरिकन लीगमध्ये आठवड्याला समोर एकच माणूस असतो. लाखांच्या गर्दीत वर येण्याची युक्ती एका माणसाला हरवण्यासाठी वापरणं ही औषधाची नव्हे, रोगाच्या निदानाचीच चूक आहे.

आता उत्तरपक्ष. धोका पत्करायचा, पण सोमवारी.

तेच दोन रिसीव्हर घ्या. रविवार संपला आहे, समोरच्याचे सगळे खेळून झाले आहेत, माझी एकच जागा उरली आहे आणि दोघांचाही सामना सोमवारी रात्री आहे. मी १४ गुणांनी मागे आहे. भरवशाच्या खेळाडूला चौदाच्या वर जाण्याची शक्यता शंभरात २७, लहरी खेळाडूला ३४. एक गुण कमी प्रोजेक्शन असूनही! १९ ने मागे असेन तर फरक डोळ्यांत भरतो : भरवशाचा ५ ते ६, लहरी १८. आणि फक्त ४ गुण हवे असतील, तर भरवशाचा ९२ आणि लहरी ७३. रविवारी सकाळी ज्या निर्णयाची किंमत अर्धा टक्का होती, तीच सोमवारी सात ते वीस टक्क्यांवर गेली. खेळाडू तेच, प्रोजेक्शन तेच. मधल्या काळात बाकी सगळ्यांची लहर संपून गेली, म्हणून या एकाची लहर आता बुडत नाही. शिवाय गुरुवारी मला 'मी मागे आहे' हा फक्त अंदाज होता. सोमवारी मला नेमका आकडा माहीत आहे.

हेच जोडीच्या डावपेचालाही लागू आहे. समोरच्याकडे एखादा क्वार्टरबॅक असेल तर त्याच संघाचा रिसीव्हर आपण उतरवावा, म्हणजे त्याचा टचडाउन आपल्यालाही मिळतो, असं सांगतात. दोन्ही संघांतल्या सगळ्यांच्या बेरजेत याने फार थोडं हलतं. पण सोमवारी त्याचा फक्त क्वार्टरबॅक उरला असेल, मी पुढे असेन, आणि माझ्या शेवटच्या जागेसाठी त्याच संघाचा रिसीव्हर हाताशी असेल, तर ती ढाल आहे. मी मागे असेन, तर तोच रिसीव्हर माझा शत्रू.

यावर पूर्वपक्ष म्हणेल : सोमवारी निवडायला काही उरतच नाही. उरत नाही, कारण आपण उरवत नाही. माझीच एक लढत सांगतो. गुरुवारी रात्री खेळणारा एक रनिंग बॅक मी सहज फ्लेक्समध्ये टाकला. रनिंग बॅकच्या जागाही मोकळ्या होत्या, पण ॲपवर बोट तिथे पडलं आणि मी तसंच राहू दिलं. रविवारी दुपारी, सामन्याआधी नव्वद मिनिटं कोण खेळणार नाही याची यादी येते, तिच्यात माझ्या दुसऱ्या रनिंग बॅकचं नाव होतं. बेंचवर सोमवारी खेळणारे दोन चांगले रिसीव्हर बसले होते. पण रिकामी झालेली जागा रनिंग बॅकची होती, आणि फ्लेक्सवर गुरुवारपासून कुलूप. गुरुवारचा तो माणूस रनिंग बॅकच्या जागेत असता, तर न खेळणारा रनिंग बॅक फ्लेक्समध्ये असता आणि सोमवारसाठी फ्लेक्स मोकळी झाली असती. त्याऐवजी मी मोकळ्या खेळाडूंच्या यादीतून कुणीतरी उचलला आणि सोमवारी रात्री साडेअकरापर्यंत माझे दोन्ही रिसीव्हर बेंचवर गुण करताना पाहत बसलो. सहा गुणांनी हरलो. संघ दुबळा नव्हता, मांडणी दुबळी होती.

सोमवारसाठी हात राखून ठेवण्यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. २ जानेवारी २०२३ च्या सोमवारी सिनसिनाटीत बफेलोचा डमार हॅमलिन मैदानावर कोसळला, त्याचं हृदय थांबलं. सामना पहिल्याच क्वार्टरमध्ये थांबला आणि नंतर रद्द झाला. हॅमलिन बचावला, पुढच्या हंगामात मैदानात परतला. त्या रात्री तेवढंच महत्त्वाचं होतं. पण कित्येक लीगची अंतिम लढत त्या सामन्यावर अडली होती आणि ती नीट सुटलीच नाही. म्हणून प्रोजेक्शनमध्ये स्पष्ट कमी असलेला माणूस केवळ सोमवारी खेळतो म्हणून रविवारच्या चांगल्या माणसाच्या जागी धरून ठेवणं मला मान्य नाही. जागा मोकळी ठेवायला काही मोजावं लागत नाही. माणूस धरून ठेवायला लागतं.

तेव्हा गुरुवारी आपली उत्तम माणसं उतरवा, समोरचा कितीही भारी असो. बेंचवर एक भरवशाचा आणि एक लहरी, दोघेही उशिरा खेळणारे, असतील तर ठेवा. आणि या गुरुवारी पहिला सामना सुरू व्हायच्या आत लाइनअप उघडून फ्लेक्समध्ये कोण बसलंय ते बघा. तो त्याच रात्री खेळणारा असेल, तर त्याला त्याच्या मूळ जागेवर हलवा.