मधला दुवा नर्मदाकाठचा

"माकडाचा माणूस झाला म्हणता, मग मधला प्राणी कुठे आहे?" आपल्या भिलाईकर मंडळींच्या गप्पांत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीही माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचे पूर्वजांनी लिहिलेले नाही, म्हणून डार्विन चुकीचा, असे म्हटले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला.

मुळात आजच्या माकडाचा माणूस झाला, असे उत्क्रांतिवाद म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक, एवढेच म्हणतो. मधले दुवे फारसे सापडत नाहीत, ही अडचण डार्विनने १८५९ च्या ग्रंथात स्वतःच मांडली होती. दोनच वर्षांत जर्मनीत आर्किओप्टेरिक्सचा जीवाश्म मिळाला. त्याला पिसे पक्ष्याची, तर दात आणि लांब हाडांची शेपटी सरपटणाऱ्या प्राण्याची!

आपल्याला मात्र जर्मनीला जायला नको. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हाथनोरा येथे मानवी कवटीचा जीवाश्म सापडला. भुवयांवरचा जाड उंचवटा आणि जाड हाडे पाहून त्यांनी ती 'होमो इरेक्टस' या प्राचीन मानवाची ठरवली. १९९१ मध्ये केनेडी आणि सहकाऱ्यांनी, मेंदूची जागा मोठी आहे या व इतर कारणांनी, ती 'होमो सेपियन्स'च्या जुन्या रूपाची मानली.

"बघा, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही!" असे यावर काही जण म्हणतात. मला उलट वाटते. काही लक्षणे जुन्या मानवाची, काही नव्याची. म्हणून ती कुठल्याच एका कप्प्यात नीट बसत नाही. मधला दुवा याहून वेगळा कसा असणार? ती कवटी आपल्या थेट पूर्वजाची असेलच असे नाही, पण असे मधले मानव होऊन गेले, हे ती सांगते.

दशावतारांत मासा, कासव, वराह, नरसिंह असा क्रम आहे, असा दाखला कुणी देतात. श्रद्धेचा आदर आहेच. पण पुरावा म्हणजे जे हातात घेऊन मोजता येते आणि ज्यावर दुसऱ्याला शंका घेता येते ते.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा देशभरातील १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी तो परत घ्यावा, असे आवाहन केले. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांना मग हे कोण सांगणार? आपण घरच्या मोठ्यांनीच सांगावे. नर्मदास्नानाला होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, जाल तेव्हा मुलांना हाथनोऱ्याची ही गोष्ट जरूर सांगा.