डोंगरातला पन्हाळा आणि पाण्यातली खांदेरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात आमचा पन्हाळा आहे, तशीच मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावरची खांदेरीही आहे. मी पन्हाळ्याचा. आमच्याकडे गडाच्या गोष्टी पुष्कळ. पण आज सांगायचं आहे ते खांदेरीबद्दल; किल्ल्याबद्दल आणि त्याच नावाच्या पाणबुडीबद्दलही.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, तेव्हा मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची वाट अडवली. मराठ्यांच्या होड्या मात्र रात्री किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून सामान आणि माणसं पोचवत राहिल्या. तरंगणारं जहाज स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं. जहाज जड आणि अरुंद असेल तर ते खोल बसतं. होडी हलकी, तळ पसरट असेल तर ती वर राहते. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्या उथळ पाण्यात शिरता येईना. जानेवारी १६८० मध्ये त्यांनी माघार घेतली. खांदेरी टिकली.

पुढे भारतीय नौदलानं हे नाव दोनदा वापरलं. पहिली ‘खांदेरी’ सोव्हिएत बनावटीची. १९६८ मध्ये ती नौदलात आली आणि १९८९ मध्ये निवृत्त झाली. दुसरी माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं लोखंडाचं धूड बुडतं ते ठीक, पण पुन्हा वर येतं कसं? लहानपणी विहिरीवर आम्ही पोरं एक खेळ करायचो. रिकामी घागर उपडी धरून पाण्यात दाबायची. ती हाताला वर ढकलायची, कारण आत हवा कोंडलेली. जरा तिरकी केली, की बुडबुड आवाज करत हवा सुटायची, पाणी शिरायचं आणि घागर जड व्हायची.

या उपड्या घागरीच्या बुडाला एक भोक पाडून त्यावर झाकण बसवा. झाली पाणबुडीची टाकी! टाक्यांना खालून समुद्राकडे वाटा असतात, वर झडपा. झडपा उघडल्या की हवा निघून जाते, खालून पाणी भरतं आणि पाणबुडी बुडी घेते. ‘खांदेरी’चं वजन पृष्ठभागावर सुमारे १६०० टन आणि पाण्याखाली सुमारे १७७५ टन धरतात. हा फरक मुख्यतः आत घेतलेल्या पाण्याचा. वर यायचं तर झडपा मिटून दाबाखाली साठवलेली हवा टाक्यांत सोडायची. ती पाण्याला खालच्या वाटेनं हुसकून लावते. पंख्याचा जोर आणि बाजूचे आडवे पंख चढउताराला मदत करतात.

मधल्या वेळात सारं तोलाचं काम. डिझेल जळतं, शिधा संपतो, पाणतीर सुटतो, आणि प्रत्येक वेळी वजन बदलतं. नदीच्या मुखाशी पाणी गोडं, म्हणून हलकं; तिथं बोट आपोआप जड ठरते. लहान टाक्यांत पाणी घेऊन किंवा काढून हा हिशेब सतत जुळवावा लागतो.

आणि धोका खोलीचा. दर १० मीटरला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणानं वाढतो. १०० मीटरवर तो वरच्यापेक्षा ११ पट होतो. टाकीतलं पाणी हुसकायचं, तर हवेचा दाब त्याहून जास्त हवा. जितकं खोल जावं, तितकी हवा अधिक खर्च होते.

१६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तो कित्येक महिने चालला. अशा वेळी गडाची भिस्त धान्यकोठारांवर. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या आजही उभ्या आहेत. मुंबईहून पाणबुडी बुडी घेते, तेव्हा आतल्या माणसांसाठी कोंडलेली हवा हाच अंबरखाना. तो भरलेला आहे ना, हे समुद्रात उतरण्याआधी पाहायचं असतं.