पाण्यावरचा नंबर

झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा, आणि पैलतीरावर तेलंगणा. काठावर लावलेल्या मोटारसायकलवर एमएच 29 ठळक असतं. डोंग्यावर मात्र काही नसलं तरी भागतं. डोंगा कुणाचा, हे गावाला पाठ. नंबर लागतो तो अनोळख्याला.

कोकणपट्टीवर ही ओळख आधी कागदावर होती. पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' म्हणजे समुद्रावरचा परवाना, पुढे कान्होजी आंग्र्यांचं दस्तक. पण कागद तपासायचा तर गलबत गाठायला हवं. इंग्लंडच्या 1854च्या कायद्यानं जहाजांना नंबर दिले, तेही आतल्या मुख्य तुळईवर कोरायचे. म्हणजे पुन्हा वर चढणं आलंच.

बाहेरच्या नंबराला शिस्त आणली ती भांडणांनी. उत्तर समुद्रात एका देशाची बोट दुसऱ्याची जाळी फाडून पसार व्हायची. गुन्हेगार दुरून ओळखू यावा म्हणून 6 मे 1882 रोजी हेगला करार झाला. त्यातला तपशील एखाद्या पेंटरनं सांगावा तसा आहे: नाळेच्या दोन्ही अंगांना, काठाच्या 8-10 सेंटिमीटर खाली, काळ्यावर पांढरा तैलरंग, 15 टन आणि त्यावरच्या बोटीला अक्षर 45 सेंटिमीटर उंच, 6 सेंटिमीटर जाड. शिडावर आणखी मोठं. खोडायचं नाही, झाकायचं नाही. झाकणारे तेव्हाही होतेच म्हणायचे!

हौशी बोटींवर नंबर चढला तो इंजिनामुळे. अमेरिकेनं 1918मध्ये मोटरबोटींना नंबर लावले. 1958च्या कायद्यानं ते काम बहुतांशी राज्यांकडे दिलं. तिथे आज अक्षर किमान 3 इंची, सरळ, ठसठशीत. रंग बोटीवर उठून दिसणारा. आणि अक्षरं-आकड्यांच्या गटांमध्ये फट किंवा आडवी रेघ. मला ही फट सगळ्यात शहाणी वाटते. तिच्यावाचून 'ओ' कुठला नि शून्य कुठलं, लाटेवर कोण सांगणार? आपल्याकडे मोटारीच्या पाटीलाही अक्षराची उंची 65, जाडी 10 आणि मधली फट 10 मिलिमीटर ठरलेली आहे. 8055चा 'बॉस' करणाऱ्यांना ही मापं कुणी वाचून दाखवावीत.

आपला 1917चा कायदा मुळात नद्यांमधल्या आगबोटींसाठी होता. वल्ह्याची नाव त्याच्या हिशेबातच नव्हती. 2021च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं तिलाही धरलं. इंजिन नसलेल्या नावांची नोंद आता जिल्हा, तालुका किंवा ग्रामपंचायतीच्या पातळीवर ठेवण्याची सोय आहे.