कुलपातलं भिंग

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला सगळंच दुरुस्त करता येतं, असा आपल्याकडे एक समज आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर... गेल्या पावसाळ्याच्या शेवटी या यादीत सूक्ष्मदर्शकाची भर पडली. मोहोपाड्याच्या एका शाळेत ओळखीच्या बाई विज्ञान शिकवतात. त्यांचा फोन आला, "अहो, आमच्या मायक्रोस्कोपमधून नुसतं धुकं दिसतंय. तुम्ही इंजिनिअर ना? या की रविवारी."

गेलो. मोहोपाडा म्हणजे रसायनीला खेटून असलेली बाजारपेठ. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिच्या कारखान्याभोवती ही वसाहत वाढली. म्हणजे रसायनशास्त्र इथल्या पत्त्यातच आहे! पण त्याहून जुना मुक्काम पावसाचा. चार महिने इथे कपाटातली वहीसुद्धा दमट लागते.

शाळेत लोखंडी कपाट, त्याला कुलूप. आत लाकडी पेटी, तिलाही कुलूप. पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक. "खूप जपलाय हो आम्ही," बाई म्हणाल्या, "वर्षातून दोनदाच काढतो." मी नेत्रिका काढून खिडकीच्या उजेडात धरली. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी!

बुरशीला काच खायची नसते. तिला काचेवरची धूळ आणि आपल्या बोटांचा तेलकटपणा पुरतो. वर दमट हवा, अंधार आणि कोंडलेली जागा मिळाली की झालं. पुढे तिच्यातून निघणारी आम्लं काचेवर कायमचे ओरखडे पाडतात. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर सैन्याच्या दुर्बिणींचं आणि कॅमेऱ्यांचं हेच झालं, तेव्हा कुठे यावर गंभीर संशोधन सुरू झालं. थोडक्यात, आपण ज्याला जपणं म्हणत होतो ती बुरशीची उत्तम बडदास्त होती.

घरी येऊन वाचत बसलो, तर हा कुलपाचा रोग फार जुना निघाला. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहूक स्वतः भिंगं घासायचा. हाताच्या बोटाएवढ्या पितळी पट्टीत एकच इवलंसं भिंग, पण त्यातून त्याने पाण्याच्या थेंबातले जीव पाहिले आणि १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं कळवलं. तिथल्या लोकांना खरं वाटेना. शेवटी १६७७ मध्ये रॉबर्ट हूकने खटपट करून स्वतः ते जीव पाहिले, तेव्हा विश्वास बसला. लेवेनहूकने अशी सुमारे ५०० भिंगं बनवली म्हणतात, पण आपली सगळ्यात चांगली भिंगं आणि पाहण्याची पद्धत त्याने कुणाला दाखवली नाही. शिष्य केला नाही. तो १७२३ मध्ये गेला आणि त्याच्या तोडीचं काम पुढे शंभरेक वर्षं फारसं कुणाला जमलं नाही. रॉयल सोसायटीला त्याने पेटीत घालून दिलेले २६ चांदीचे सूक्ष्मदर्शकही पुढे हरवले. इतकी जपणूक, आणि शेवट हा.

आता याच्या बरोबर उलटं उदाहरण आपल्या शेजारचं, सिकंदराबादचं. ऑगस्ट १८९७. लष्करातला डॉक्टर रोनाल्ड रॉस डास चिरून त्यात मलेरियाचा जंतू शोधत होता. चिरलेले डास उडून जातील म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले आणि शिल्लक राहिलेली एकुलती एक नेत्रिका तडकलेली. २० ऑगस्टला त्याच यंत्रातून त्याला डासाच्या पोटाच्या भिंतीत तो जंतू दिसला. १९०२ साली नोबेल मिळालं. यंत्राची अवस्था बघून आमच्या बाईंनी त्याला बाहेर उभं केलं असतं :)

म्हणजे हयगय करा असं नाही हं. पॅथॉलॉजी लॅबवाल्या मित्राला फोन लावला तर त्याने आधी माझीच शाळा घेतली. "उचलताना एक हात दांड्याला, एक हात बुडाखाली. सुरुवात नेहमी दहाच्या भिंगाने. भिंग खाली आणायचं ते बाजूने डोळ्यांनी बघत, आणि नेत्रिकेतून बघताना फक्त वर न्यायचं. नाहीतर काचपट्टी फुटते आणि भिंगही जातं. पंचेचाळीसवर मोठ्या चाकाला हात लावायचा नाही. आरसा थेट सूर्याकडे धरायचा नाही. आणि रुमालाने पुसलंस तर याद राख!" पुसायचं कसं? आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग भिंगाचा खास कागद. ठेवायचं कुठे? उजेडाच्या, हवेशीर जागी, कापडी झाकणाखाली. कपाटातच ठेवायचं असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घाला, नाहीतर आत छोटा दिवा लावा.

यातला एकही नियम "वापरू नका" असं सांगत नाही, हे माझ्या लक्षात आलं. रोज वापरणाऱ्याला बुरशी पहिल्या आठवड्यातच दिसते. वर्षातून दोनदा उघडणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेला परत गेलो. नेत्रिका साफ झाली. दहाचं भिंगही ठीक निघालं. पंचेचाळीसचं मात्र आतून गेलं होतं, त्यावरचे ओरखडे कशानेच जाणार नव्हते. म्हणजे आता शंभर पटच दिसणार. त्याआधीच्या किती वर्गांना तेही दिसलं नसेल, हा हिशोब मी बाईंसमोर केला नाही. माझ्या स्वतःच्या शाळेत मी रांगेत उभं राहून दहा सेकंद जे पाहिलं होतं, ती माझीच पापणी होती, हे मला फार उशिरा कळलं.

कांद्याचा पापुद्रा, आयोडिनचा थेंब, आरसा खिडकीकडे. नववीतली एक मुलगी नेत्रिकेला डोळा लावून बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "सर, विटांची भिंत आहे." मागच्या मुलाने तिला ढकललं, "सरक ना, आम्हाला पण!" यंत्र जरा हललं. बाईंचा हात आपोआप कुलपाकडे गेला आणि थांबला.

"तू धर रे खालून," त्या त्या मुलाला म्हणाल्या, "एक हात दांड्याला."

असो. पंचेचाळीसचं भिंग सुटं मिळतं. या महिन्यात पिझ्झा जरा कमी खाऊ.