माहुलीचा कारखानीस

कारखानीस हे आडनाव ऐकले की माझ्या वर्गातल्या मुलांना गिरणीचे धुराडे आठवते. मग मी त्यांना आमच्या शहापूर तालुक्यातल्या माहुलीवर घेऊन जातो, निदान गोष्टीत तरी.

गड म्हटला की आपल्याला बुरूज दिसतात, तलवारी दिसतात. पण गडावरच्या माणसांना रोज दोन वेळा भूक लागे, हे आपण विसरतो. सभासदाने लिहून ठेवले आहे की, शिवछत्रपतींनी गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे बरोबरीचे अधिकारी नेमले. कोठारांचा जमाखर्च मात्र कारखानिसाच्या हाती. काय आहे, काय लागेल आणि काय उणे आहे, याचा जाब त्याने द्यायचा.

हे शिकवणारी पाठशाळा नव्हती. मोडी वळण आणि हिशेब मुलगा दफ्तरात थोरांच्या हाताखाली गिरवी. पुढे 1715 च्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी हे शहाणपण शब्दांत बांधले. गडावर एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. म्हणून जादा टाकी खोदावीत. दारू वरचेवर बाहेर काढून उन्हे द्यावीत. केवढी बारीक नजर ही!

आणि ती नसली तर? 1636 साली शहाजीराजांना याच माहुलीवर वेढा पडला. अखेर गड द्यावा लागला आणि निजामशाही संपली. पुढे महाराजांनी घेतलेली माहुली 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेली. 1670 च्या आरंभी मराठ्यांनी छापा घातला, तो किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवला. पण नवल असे की, जिंकलेल्या या शूर माणसाने लगेच किल्लेदारी सोडली! त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. मला वाटते, जयघोषातही मनोहरदासाला उणे काय आहे ते दिसत असावे. असा माणूस दरबाराला फारसा आवडत नाही. पण खरा कारखानीस तोच.

आता या विद्येच्या रीतसर शाळा आहेत. 1952 साली पुण्यात शस्त्रास्त्रांच्या अभ्यासाची संस्था निघाली. 1970 मध्ये सिकंदराबादेस संरक्षण व्यवस्थापनाची. उद्याच्या सैन्याला काय लागेल, याचा हिशेब अधिकारी तिथे शिकतात आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात.

गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारले, "गुरुजी, दिवाळीआधी आई सगळे डबे उघडून बघते, ती कारखानीसच ना?"

मी म्हटले, "होय बाळ. आणि ती साखर संपली म्हणून सांगेल तेव्हा घरातल्यांनी रागावू नये."

माहुलीच्या दक्षिणेकडच्या भागाला भंडारगड म्हणतात. वाचकहो, कधी गेलात, तर तटाआधी तिथली पाण्याची टाकी पाहा.